लाल पेन्सिलीने काटलेलं वाक्य

९ जानेवारी १९८६, गुरुवार

पुन्हा थांबला ओक्ताव! दुसऱ्या अंकात, म्हातारा भाडेकरूंशी बोलतो तिथेच. चार तालमींत तिसऱ्यांदा. मी रंगमंचाखालच्या प्रॉम्प्टरच्या खोक्यातून शब्द सोडला, त्याने तो अलगद झेलला. कुणाच्या लक्षात आलं नाही. की आलं, आणि कुणी बोललं नाही?

माझ्या नवऱ्याची चाळीस वर्षं रंगभूमी, अकरा सिनेमे. अजून पोरं रस्त्यात त्याला सिनेमातला ‘कॅप्टन’ म्हणून सलाम ठोकतात. आणि आज सकाळी साखरेचा डबा हातात धरून उभा — कुठे ठेवायचा ते आठवेना.

‘ओक्ताव, डॉक्टरकडे जाऊ या का?’

‘जाऊ की! सोमवारी गावभर कळेल, मंगळवारी पेन्शन. बुधवारी तूच मला पुरून ये.’

हसला. मला हसता आलं नाही. रंगमंच काढून घेतला तर याचं उरणार काय?

१४ जानेवारी

आज एकदाही थांबला नाही. तरी मी प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून बसले होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

ओक्तावच्या हातून नाटकाची संहिता जमिनीवर पडली. कपडेपटातल्या अग्लायामावशी केवढ्याने ओरडल्या — ‘उचलू नकोस मेल्या! आधी बस तिच्यावर! नाटक पडेल!’

तो बसला बिचारा, धुळीत. ‘बसलो, मावशी. आता एकसष्ट वर्षांच्या या पोराला उठवणार कोण?’

सगळे खो खो हसले. मी हात द्यायला गेले तर शर्टाची बाही वर सरकली. आत हातावर शाईने बारीक अक्षरात वाक्यं लिहिलेली. मी बाही खाली ओढली. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सरकारची परीक्षण समिती आली, नाटकात आक्षेपार्ह काही आहे का ते बघायला. पाच जण, पाचही ओव्हरकोटात — सरकारने कोळसा तोडलाय, थिएटरात शेगडी पेटलेली नाही. नाटक शंभर वर्षांपूर्वीचं, त्यात जमीनदार आणि त्याचे भाडेकरू. वाटलं होतं, यात काय सापडणार? सापडलं! ओक्तावचं वाक्य: ‘थंडी आभाळातून येत नाही, लेकरांनो, मालकाच्या घरातून येते.’

आमचे संचालक पॉम्पिलिउ धावत माझ्याकडे — ‘फिला, लाल पेन्सिल! माझ्यासमोर काट!’

काटलं.

घरी येताना ओक्ताव म्हणाला, ‘पाठ करणं जमेना, फिला. आता विसरणंही पाठ करू?’

२६ जानेवारी, रविवार

काल पहिला प्रयोग.

खोक्यातला दिवा ऐनवेळी गेला. गावात दिवा मिळतो कुठे? वीजवाल्याने दाराबाहेरच्या पाटीचा काढून बसवला, लाल रंगाचा. ‘उजेड आहे ना, बाई? मग झालं!’

दुसऱ्या अंकात ओक्ताव थांबला. एवढा वेळ कधीच थांबला नव्हता. मी पानावर झेप घेतली, पुढचं दिसलं ते वाक्य दिलं. लाल उजेडात लाल रेघ दिसलीच नाही! शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. तोवर तो पुढे येऊन, हात पसरून, म्हणत होता. तरुणपणीच्या त्या आवाजात.

मग एक टाळी. मग सगळं थिएटर उभं — हातमोजे घातलेल्या हातांच्या त्या मऊ, बोथट टाळ्या, थांबेचनात. मी खोक्यात कानांवर हात ठेवून बसले होते.

२७ जानेवारी, सोमवार

पॉम्पिलिउच्या खोलीत आम्ही दोघं. समितीतली एक बाई खिडकीशी.

‘फिला, खरं सांग. वाक्य तू दिलंस?’

हो म्हटलं तर माझी नोकरी जाणार, शिवाय तो विसरतो हेही उघड होणार. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ओक्ताव —

‘ती काय देणार? मला कधी प्रॉम्प्टर लागलाय? मी म्हणालो. मुद्दाम म्हणालो.’

‘मास्तर, विचार करा,’ पॉम्पिलिउ त्याला म्हणाला. ‘थकवा होता, चूक झाली, असं लिहा ना!’

‘चूक? माझी?’

कागद मागून घेतला, ‘मुद्दाम म्हणालो’ असं लिहिलं, झोकदार सही केली. आजपासून रंगमंच बंद. वसंतात सुरू व्हायचा सिनेमाही हातचा गेला. ताठ मानेने बाहेर पडला.

मी बोलले नाही. हे निदान इथे लिहून ठेवते. मी बोलले नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

पावाच्या रांगेत लोक बाजूला झाले. ‘मास्तर, तुम्ही पुढे व्हा.’ कुणीतरी त्याच्या खिशात कागदात गुंडाळलेली दोन अंडी सरकवली. एक म्हातारी त्याचा हात धरून रडली. मागून कुणी पुटपुटला, ‘असा एक पुरुष आहे अजून गावात!’ तो झुकून नमस्कार करत होता, जणू पडदा नुकताच पडलाय.

वीस वर्षं मी याला स्वतःवरच खूश असलेला माणूस समजत आले. आणि याने माझ्यासाठी सगळं सोडलं! त्याच्या तोंडाकडे बघवत नाही मला.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी चहा पिताना एकदम म्हणाला, ‘फिला, एक विचारू? रागावू नकोस. लोक हात धरतात, डोळे पुसतात. मी त्या दिवशी म्हणालो तरी काय?’

मी वाक्य सांगितलं.

त्याने कप बशीत ठेवला. मग म्हणाला, ‘सुरेख आहे. ही भूमिका कोण करतं?’