हिरवं संपल्यावर

४ ऑक्टोबर २००१
आज रुजू झाले! दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे सुमनबाईंची शोभेच्या झाडांची नर्सरी आहे. राहायची खोली त्यांच्याच घरात, खिडकीतून थेट द्राक्षबागा. घरात त्या आणि त्यांची थोरली नणंद रंगूबाई, दोघीच. रंगूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. घराला चिकटून एक काचघर आहे, आणि ज्याच्यासाठी मला बोलावलं ते झाड तिथे आहे. मॉन्स्टेरा, रुंद कातरलेल्या पानांचा वेल, पण प्रत्येक पान निम्मं हिरवं, निम्मं दुधासारखं पांढरं! कॉलेजात मी हे फक्त फोटोत पाहिलं होतं. सुमनबाईंच्या यजमानांनी ते केरळातून आणलं होतं म्हणे. त्याची रोपं वाढवायची, एवढंच माझं काम. संध्याकाळी शेवभाजी होती, झणझणीत. आईला फोन करून सगळं सांगितलं.

२३ ऑक्टोबर
सगळी कलमं सडली. कुंड्यांतलं कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, बदललं, पाणी कमी केलं, बुरशीचं औषध मारलं, तरी देठ काळे पडून बोटाला चिकटतात. वर नवीन पानं जास्तच पांढरी येताहेत. पांढऱ्या भागाला स्वतःचं अन्न करता येत नाही, तो हिरव्याच्या जिवावर जगतो. कुंडी बदलू या म्हटलं, तर सुमनबाई म्हणाल्या, साधना, कुंडीला हात लावायचा नाही.

११ नोव्हेंबर
दुसरी खेपही वाया गेली. नवं पान पूर्ण पांढरं आलंय. शेंडा फुटवा येणाऱ्या हिरव्या डोळ्यापर्यंत छाटला तरच झाड वाचेल, हे मी सुमनबाईंना परोपरीने समजावलं. नाही म्हणजे नाही. शेंडा छाटायचा नाही, कुंडी हलवायची नाही, मग मला कशाला आणलंय? फडक्याने पानं पुसायला?

दुपारी त्या शहरात द्वारका चौकात खतं आणायला गेल्या, म्हणून रंगूबाईंना जेवण मी नेलं. माझ्या आधी झाडाचं सगळं त्याच बघायच्या. त्यांनी विचारलं, "समदं पांढरं झालं का?" मी म्हटलं, होत आलंय. त्यांनी कंबरेवरची गोधडी घट्ट धरली. "म्हणूनच लय ओढ लागती गं, पोरी."
कसली ओढ, कोण जाणे. वयोमानाने बरळत असतील.

२ डिसेंबर
शेवटचं हिरवं पान गळालं. आता झाड वाळायला हवं. पण ते वाढतंय! ताटाएवढी पांढरी पानं, टवटवीत. मी शिकले ते सगळं खोटं की काय? रागाने पुस्तक भिंतीवर फेकलं.
रंगूबाई दोन माणसांचं जेवण जेवतात आणि रोज आणखी वाळतात.

९ डिसेंबर
सुमनबाई लग्नाला पिंपळगावला गेल्या. सकाळीच कुंडी कलती केली. तिला बूडच नाही. मनगटाएवढं मूळ फरशी फोडून खाली गेलंय, भिंतीच्या दिशेने. दोन महिने या बाईने मला वेड्यात काढलं! करवत आणली आणि कापलं. चीक गरम होता.
भिंतीपलीकडे रंगूबाई किंचाळल्या.

धावत गेले, गोधडी काढली. मूळ खाटेच्या नवारीतून वर आलेलं. त्यांच्या कंबरेत शिरलेलं. कातडी कुठे संपते आणि साल कुठे सुरू होते, कळेना. माझा हात धरून त्या काही सांगू पाहत होत्या. तेवढ्यात हात सैल पडला. मी मारलं त्यांना. माहीत नव्हतं, पण मीच.

सुमनबाई परतल्या. डॉक्टर यायच्या आधी गोधडी नीट खोचली. डॉक्टरांनी नुसती नाडी पाहिली, म्हणाले, अशक्तपणाने गेल्या. मी सगळं खरं सांगायला तोंड उघडलं, तर सुमनबाईंनी मला जवळ घेतलं. "सुटली बिचारी." मग डोळे पुसत विचारलं, "झाडाला पाणी घातलंस का?"

१२ डिसेंबर
बॅग भरली, पण ताप आहे. पाय उचलवत नाहीत. सुमनबाई स्वतःच्या हाताने शिरा भरवतात, अशा तापात कुठे जातेस म्हणतात. आईला फोन लावा म्हटलं. म्हणाल्या, फोन बंद आहे.
झाडाला नवं पान आलंय. निम्मं हिरवं. त्यांनी कौतुकाने दाखवलं, आणि मला — मला आनंद झाला. का?

१४ डिसेंबर
डावी टाच बधिर. नाही, बधिर नाही. ओढ. गादीखालून काहीतरी —
पाहायची हिंमत नाही.

१५ डिसेंबर
पाहिलं. दोऱ्याएवढं आहे. टाचेत शिरलंय. ओढलं तर पोटात कळ येते. बाहेर सुमनबाई कुणालातरी सांगताहेत, साधनाला बरं आहे, झाडही छान धरलंय. म्हणजे फोन चालूच होता.

हाका मारल्या. त्यांनी दाराला कडी घातली.

पोटरी कडक झालीय, सालीसारखी. कापलं तर रंगूबाईंसारखी — पण त्यांचं मनगटाएवढं होतं, जुनं होतं. माझं बारीक आहे. आत्ताच कापलं तर कदाचित —

कात्री घेतली. त्या कडी काढताहेत. आई, मी कापते, एकदाच, जोरात, म्हणजे