माग होता तिथली खोली

नागपूर,
४ सप्टेंबर १९७८

प्रिय जया,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर येऊन पंधरा दिवस झाले. 'ताई, अखेर तुला तुझी स्वतःची खोली मिळाली, हे वाचून इतका आनंद झाला की यांना दोनदा वाचून दाखवलं. कशी आहे, रंग कोणता, खिडकी कुणीकडे, सगळं सविस्तर लिही,' असं तू लिहिलंस. दुसऱ्याच्या सुखाने असं हरखून जाणं तुझ्या स्वभावातच आहे. माझ्या स्वभावात ते नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तर लिहिते सविस्तर, पण हे पत्र पोरं शाळेत गेल्यावर बसून वाच. बाबांना गेल्या सोमवारी लकवा झाला. डावी बाजू पूर्ण गेली, जीभ जड झाली, पण कळतं सगळं. डॉक्टर परवा येऊन गेले, जाताना ओट्यावर मला म्हणाले की आठ दिवस म्हणा, पंधरा म्हणा, ज्याला बोलवायचं त्याला बोलवून घ्या. या घरात बोलवायचं असं तुझ्याशिवाय कोण आहे? आणि नऊ वर्षांत तुला या घरात कुणी बोलावलेलं नाही. खोलीचं आणि बाबांचं मला वेगवेगळं लिहिता येणार नाही, म्हणून एकत्रच लिहिते.

खोली म्हणजे आपली मागाची खोली. तू डोळे मिटलेस तरी तुला दिसेल. दारातून आत गेलं की डाव्या हाताला खड्डा, त्याच्या काठावर बसलेले बाबा, पाय आत, पायाने दाबायच्या पावड्यांवर, आणि उरलेली सगळी जागा अडवून बसलेला माग. आपण चौघं बाजूच्या एका खोलीत रांधणं, जेवणं, झोपणं, अभ्यास सगळं उरकायचो आणि मागाला मात्र ऐसपैस घर. आई म्हणायची, या घरातला खरा जावई तोच. आता तिथं शहाबादी फरशी आहे. भिंतींना निळसर चुना दिलाय. गल्लीच्या बाजूला दोन झडपांची खिडकी काढली आहे, तिला हिरवा ऑइलपेंट. छपराचे कवेलू तेच, पण फेरून घेतले. धागे नीट दिसावेत म्हणून बाबांनी छतात काचेचं एक कवेलू बसवलं होतं ना, ते मिस्त्री काढायला निघाला होता, बाबांनी काढू दिलं नाही. त्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास उन्हाचा चौकोन बरोबर पलंगावर पडतो. पलंग सागवानी आहे, जुन्या बाजारातून आणलेला, दोघांना सहज पुरेल एवढा. भिंतीत खुंट्या चार आहेत. दोन डोक्याच्या उंचीवर आणि दोन माझ्या कमरेएवढ्या खाली. त्या खालच्या दोन्हींवर मी काही अडकवत नाही.

माग का निघाला ते सांगायचं, तर आई गेली त्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल. लग्नानंतर सहा वर्षांनी तू पहिल्यांदा गल्लीत पाय ठेवलास, एक पोर कडेवर, एक बोटाशी. तुझे बळीराम गल्लीच्या कोपऱ्यावरच उभे राहिले, पुढे आले नाहीत. अख्खी कोष्ट्यांची गल्ली ओट्यांवर येऊन बसली होती. इंदोऱ्याच्या मुलाशी, तेही बौद्ध पद्धतीने लग्न लावलेल्या मुलीला बाप घरात घेतो की नाही, याची सगळ्यांना आईच्या मरणापेक्षा जास्त उत्सुकता होती. बाबांनी तुला आईचं तोंड पाहू दिलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरात जागा कुठं हाये? मागानं सारं घर खाल्लं." तू पोरांना घेऊन इंदोऱ्याला सासरी गेलीस आणि तिथूनच भिलाईला. मला तेव्हा वाटलं, बाबांनी बरं निभावून नेलं. शिवी दिली नाही, हाकललं नाही, सगळं मागावर ढकललं. खोटंही नव्हतं ते. जागा खरंच नव्हती.

या जानेवारीत शेजारचे नानाजी तुझ्याकडे येऊन गेले. रेल्वे गार्डाच्या ड्युटीवर दुर्गपर्यंत आले की तुझ्या हातचा चहा पिऊन येतात, हे त्यांनी आजवर बाबांपासून लपवलं होतं. पण पेन्शन जवळ आली की माणसाचं धाडस वाढत असावं. आपल्या ओट्यावर बसून त्यांनी सरळ सांगून टाकलं की जयाची थोरली पार्वतीवहिनींसारखी, म्हणजे आपल्या आईसारखी, डावखुरी आहे. डाव्या हाताने जेवते म्हणून जया रागावते, पण ती काही ऐकत नाही. बाबा आत विणत होते. धोट्याचा आवाज थांबला, तो त्या दिवशी पुन्हा सुरू झाला नाही. आठवड्याभरात खाप्याचा एक विणकर आला आणि चाळीस वर्षांचा माग खोलून घेऊन गेला. मी शाळेतून आले तर बाबा रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. हे काय केलंत, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आता कोन नेसते वं नऊवारी? अन् माये डोळेही गेले." पटण्यासारखं होतं, म्हणून मी पटवून घेतलं.

मग खोलीचं काम निघालं. मिस्त्री म्हणाला, खड्ड्यात मुरूम भरा, पाणी मारा आणि एक पावसाळा बसू द्या, मग फरशी घाला. बाबा ऐकतील तर ना! त्यांना शाळांना सुट्ट्या लागायच्या आत खोली हवी होती. मिस्त्रीने मुरूम ठोकायला धुम्मस आणली, ती त्यांनी कोपऱ्यात उभी केली आणि स्वतः खड्ड्यात उतरून पायांनी मुरूम तुडवत राहिले, सत्तरीच्या वयात. चाळीस वर्षं पावड्या दाबलेले पाय, त्यांना धुम्मस काय शिकवणार, असा त्यांचा हिशेब. आषाढात जमिनीत ओल उतरली आणि फरशी मधोमध खचली. आता पलंगाचा एक पाय अधांतरी असतो, त्याच्याखाली मी फुटक्या पाटीचा तुकडा सरकवलाय, तरी कूस बदलली की पलंग डुगडुगतो. आमच्या दोघांच्या संसारात शाळेच्या सुट्टीची एवढी घाई कुणाला, असा प्रश्न तुला पडला असेल. मला तो तेव्हा पडला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

जूनच्या अखेरीला मी त्या खोलीत राहायला गेले. सामान ते केवढं, एक पेटी, चार पातळं, शाळेतल्या मुलींच्या वह्यांचा गठ्ठा. दहा मिनिटांत सगळं लागलं. मग मी दार ओढून आतून कडी घातली. जया, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कडी घालून पातळ बदललं. तोवर मोरीच्या आडोशाला, नाहीतर बाबा ओट्यावर जाऊन बसले की घाईघाईने. त्या दिवशी मी तेच पातळ उगीचच तीनदा सोडलं आणि तीनदा नेसले. पलंगावर आडवी झाले, हात दोन्ही बाजूंना पसरले, कशालाच लागले नाहीत. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, म्हणाल्या, देवकीचं नशीब उघडलं वं बाई. मी हसले आणि मनात म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा.

आता माझंही थोडं ऐकून घे. तू गेलीस तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. उमरेडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, माणूस बरा होता, हातमागाच्या सोसायटीत कारकून. तुझ्या लग्नानंतर महिन्याभरात त्यांचा निरोप आला की कुंडली जुळत नाही. त्यानंतर कुणाचीच जुळली नाही. याचा राग मी तुझ्यावर कधी धरला नाही, असं मी स्वतःला सांगत आले. आईचं दुखणं चार वर्षं काढलं, बाबांचं पथ्यपाणी सांभाळलं, शाळा केली, आणि झोपले चुलीच्या बाजूला. या सगळ्या वर्षांत माझ्यासाठी माग एक वीतभर सरकवावा, असं बाबांना वाटलं नाही. मग एक दिवस कळतं की तुझी लेक डावखुरी आहे, आणि अख्खा माग निघतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? त्या दोन खालच्या खुंट्या बाबा भिंतीत ठोकत होते, तेव्हा खिळे माझ्याच हातातून घेत होते. पाच वर्षांच्या पोराचा हात कुठवर पोचतो, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, कारण मी पहिलीला शिकवते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चुना अजून ओला होता, बाबांनी मला समोर बसवलं आणि पत्र सांगितलं. मी शुद्धलेखन घालून घेते तसं त्यांनी थांबून थांबून सांगितलं आणि मी अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. "जया, घरात जागा झाली हाये. पोराइले सुट्ट्या लागल्या की ये. जावयबापूले संग आन, कोपऱ्यावर उभं नोको ठेवू." एवढंच. खाली त्यांनी स्वतः सही केली. पाकिटावर तुझा पत्ता मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिला, तिकीट लावलं आणि ते पर्समध्ये ठेवून शाळेत गेले. पत्रपेटी शाळेच्या फाटकालाच आहे. विसरले, असं लिहायचा मोह होतोय. विसरले नव्हते. पेटीपुढे उभी राहिले, पाकीट हातात घेतलं आणि परत पर्समध्ये ठेवलं. म्हटलं, उद्या टाकीन. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. बाबा रोज दुपारी ओट्यावर बसायचे आणि मी आले की विचारायचे, "काहून वं देवके, तुया शाळेत पोष्टमन येऊन गेला का?" मी म्हणायची, आला होता, आपलं काही नाही. ते खरंच होतं. मे उलटला, तुझ्या पोरांच्या सुट्ट्या संपत आल्या, आणि एक दिवस ते म्हणाले, "नाई येत तं नाई येत. मीच तं दारातून वापस धाडलं होतं तिले. तू टाक वं तुयी पेटी तिथं." आणि मी टाकली. जूनमध्ये तू मला विचारलंस, बाबा कसे आहेत, माझं नाव काढतात का? मी उत्तर धाडलं की बाबा बरे आहेत आणि मला खोली मिळाली. त्यावर तुझं ते आनंदाचं पत्र आलं. ते पर्समध्ये त्याच पाकिटाशेजारी पंधरा दिवस पडून आहे.

बाबांना आता त्याच पलंगावर निजवलंय, मी खाली फरशीवर पडते. काल मारबतीची मिरवणूक निघाली, खिडकीखालून सगळा जमाव इडापिडा घेऊन जा म्हणून ओरडत गेला. मी बाबांना चमच्याने पाणी पाजत होते. आठ दिवसांत त्यांचा एक शब्द धड कळला नव्हता, पण काल कळला. म्हणाले, "जयीनं मले माफ नाई केलं." मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर ते माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत, आणि पाणी पाजायला घरात दुसरं कुणी नाही. हे कारण खरं आहे. मागाचं कारणही खरंच होतं. तार केली नाही, कारण तारेत 'वडील अत्यवस्थ' एवढंच मावतं. तू आली असतीस, आणि मी सुटले असते. नानाजी आज दुपारच्या गाडीवर आहेत, उद्या सकाळी हे पत्र तुझ्या हातात देतील. सोबत बाबांचं पाकीट आहे, चिकटवलेलं, तसंच. उद्याच्या उद्या निघ. पोरांना आण, बळीरामना आण, आणि बाबांना तू स्वतः सांग की तुला पत्र मिळालंच नव्हतं. का मिळालं नाही, तेही सांगायचं असेल तर सांग, मी हात जोडून थांबवणार नाही. माझं तोंड पाहायचं नसेल तर नानाजींजवळ तसं बोल. तू येशील तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन बसेन. फक्त बाबांना पाणी हळूहळू पाज, मान जरा उजवीकडे कलती करून, नाहीतर ठसका लागतो.

हा शब्द लिहिण्याचा हक्क मला उरलाय की नाही ते ठाऊक नाही, तरी,

तुझीच,
देवकी