नसलेल्या गतिरोधकामुळे अडलेला टर्बो

प्रति,
मा. अभियंता साहेब (रस्ते),
खरवईचा चिंचेचा चढ ज्यांच्या ताब्यात असेल ते कार्यालय.
(दोन्ही कार्यालयं हा रस्ता एकमेकांचा सांगतात, म्हणून एकेक प्रत दोघांना.)

अर्जदार : हिंदुराव दगडू शेलार, वय ५८, शिक्षण सातवी, रा. खरवई, बदलापूर.

विषय : अर्जदाराने आपल्या डिझेल गाडीला लहान टर्बो बसवावा की मोठा, हे ठरवता यावं म्हणून चढाच्या पायथ्याशी गतिरोधक आहे की नाही ते लेखी कळवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे तीन अर्ज, दि. ११ नोव्हेंबर, २ डिसेंबर आणि ८ जानेवारी.
२) आपल्या कार्यालयाचं एका ओळीचं पत्र, दि. २० जानेवारी.

महोदय,

१. पहिले तीन अर्ज अर्जदाराने जावई अक्षय याच्याकडून कडक सरकारी मराठीत लिहून घेतले होते. ते आपल्याकडे कुणाला कळलेले दिसत नाहीत. म्हणून या वेळी अर्जदाराने स्वतः पेन धरलाय आणि बोलतो तसंच लिहिलंय. विषय वाचून हसू नये. हसायचंच असेल तर परिच्छेद पाचपर्यंत थांबावं, तिथे आपल्याच कार्यालयाचं काम आहे.

२. अर्जदाराची गाडी २०१४ ची, छोटी, मागची सीट काढलेली. ती शोभेला नाही, रोज चालते. अर्जदाराची बायको अंजनी आणि वरच्या वाडीतली तुळशी या दोघी पहाटेपासून सत्तर माणसांचं जेवण रांधतात. भात, भाजी, पोळ्या आणि आमटीचा मोठा डबा भरून साडेअकराला गाडी निघते आणि साडेबाराच्या आत अंबरनाथ पूर्वेला एका कारखान्याच्या फाटकात लागते. घर खोलगटात आहे, त्यामुळे भरल्या गाडीने आधी चिंचेचा चढ चढायचा, मग पाइपलाइन रोड. कारखान्याचा नियम सरळ आहे, तीनदा उशीर झाला की ऑर्डर बंद. दोनदा झालाय. तिसऱ्यांदा झाला तर दोन घरांच्या चुली एकदम गार पडतील. आपल्याकडे उशिराला काय नियम आहे ते अर्जदाराला माहीत नाही. असावा असं वाटत नाही.

३. आता टर्बो. साहेब शिकलेले आहेत, तरी सांगतो, कारण शिकलेल्यांना साध्या गोष्टी दोनदा सांगाव्या लागतात. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो, तेव्हा गाडी ओढते. लहान पंखा हात लावला की फिरतो. मोठा आळशी असतो, पण एकदा फिरला की दावणीचा बैल सुटावा तशी गाडी पळते. गाडीतला टर्बो आता निळा धूर टाकायला लागलाय. अर्जदाराचा मिस्त्री महिपती, जो आयुष्यात खोटं फक्त बायकोशी बोलला असेल, त्याने हात लावून बघितलं आणि सांगितलं की हा फार तर पंधरा दिवस. दोन लहान टर्बो असेच गेले. भरल्या गाडीने पाइपलाइन रोडला ते लाल होईस्तोवर राबतात आणि जळतात. महिपतीचं म्हणणं, मोठा टाक, रमतगमत ओढेल, पाच वर्षं बघायला नको.

जावई म्हणाला, पप्पा, मोठाच टाका, शिट्टी काय मस्त वाजते. शिट्टीच पाहिजे तर अंजनीकडे कुकर आहेत तीन.

उल्हासनगरला हरेशभाईंच्या दुकानात दोन्ही टर्बो काढून ठेवलेत. तिथे येणारी पोरं केसाला जेल लावून हॉर्सपॉवर मोजतात आणि गाडी घेऊन जातात पानाच्या टपरीपर्यंत. हरेशभाईंनी एक दिवस वापरून बघायला मोठा टर्बो दिला. धंदेवाल्या माणसाने विश्वासावर माल दिला, आणि सरकारने तीन महिन्यांत एक उत्तर दिलं, तेही खोटं. असो.

४. मोठा बसवला तो दिवस २८ जानेवारी. चढाच्या अगदी पायथ्याला डांबराचा ढीग आहे. अर्जदाराने टेप लावून मोजला, अकरा इंच. नियमात चार आहेत म्हणे. त्या ढिगावर भरली गाडी जवळजवळ थांबवावी लागते, नाहीतर आमटीचा डबा उडून पुढच्या सीटवर येऊन बसतो. थांबवली, म्हणजे पंखा झोपला. पुढे लगेच उभा चढ. अर्जदाराने पहिला गिअर टाकला, पाय दाबला, क्लच जळल्याचा वास आला आणि गाडी हळूहळू मागे यायला लागली. मागे रिक्षा. ब्रेक मारला तसा डबा आडवा झाला. सत्तर माणसांनी त्या दिवशी भात नुसत्या लोणच्याशी खाल्ला, तोही पाऊण तास उशिरा. हाच तो दुसरा उशीर. गाडीतला आमटीचा वास अजून आहे.

मोठा परत द्यायला गेला तेव्हा हरेशभाई म्हणाले, "हिंदुरावभाई, टर्बो गाडी के लिए लेने का है कि रोड के लिए?"

अर्जदाराने मोठा टर्बो त्यांच्या टेबलावर ठेवला. प्रश्न तेवढा घरी घेऊन आला, तो आता आपल्यापुढे ठेवतोय.

५. आता आपल्या कार्यालयाचं कर्तृत्व. पहिल्या अर्जाला उत्तर नाही. दुसऱ्या अर्जानंतर स्थळपाहणीला एक साहेब आले. गाडी सरकारी, टर्बो दांडगा, आत माणसं दोन आणि एक फाइल. ढिगावरून हत्तीसारखी गेली. साहेब खाली उतरले नाहीत, काच अर्धी खाली करून म्हणाले की हा रस्त्याचा नैसर्गिक उंचवटा आहे. डांबर जमिनीतून उगवतं हे अर्जदाराला अठ्ठावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नाहीतर बापाने भाताऐवजी तेच लावलं असतं.

दहा दिवसांनी दोन माणसं आली आणि पांढरे पट्टे मारून गेली. ढिगावर नाही. ढिगाच्या पुढे वीस पावलं, ऐन चढात, जिथे रस्ता कधी नव्हे तो गुळगुळीत आहे. आता नवखा माणूस ढीग न दिसल्यामुळे त्यावर जोरात आदळतो आणि पट्टे दिसले म्हणून चढात कचकन थांबतो. त्याच्या मागे अर्जदार, आणि अर्जदाराच्या मागे आमटी.

तिसऱ्या अर्जाचं उत्तर आलं. "सदर ठिकाणी या कार्यालयाच्या दप्तरी गतिरोधक नाही." अर्जदार पत्र घेऊन कार्यालयात गेला. टेबलावरच्या दिनानाथ नावाच्या बाबूने चहा संपवला, मग मान वर केली, आणि काका, दप्तरात नाही म्हणजे नाही, असं समजावून सांगितलं. मग पट्टे कशाला मारले, असं विचारलं तर म्हणाला, ते रंग विभागाचं काम. धन्य आहे. ज्याने हे खातं काढलं त्याच्या गाडीला देव कायम चढ देवो आणि टर्बो न देवो.

६. इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. गतिरोधक मागितला कुणी, तर याच अर्जदाराने. चार वर्षांपूर्वी चढाच्या पायथ्याच्या वळणावर, चढाकडे निघालेल्या खडीच्या डंपरने तुळशीच्या मुलीला उडवलं. पोरगी वाचली, पण पाय कायमचा आखूड झाला. तेव्हा एक्केचाळीस माणसांचा अर्ज गेला, पहिली सही हिंदुराव शेलार. पोच दिलेली प्रत पत्र्याच्या पेटीत होती, आपल्या शिक्क्यासकट. त्यावर एक दिवस ठेकेदाराची गाडी आली, उरलेलं डांबर ओतून गेली. कुणी मोजलं नाही, कुणी लिहून ठेवलं नाही. अर्जदार तेव्हा पेढे वाटत होता. मूर्खासारखा.

म्हणून तीन अर्जांत "काढून टाकावा" असं लिहिलं होतं, ते अर्जदार मागे घेतोय. कारण असं की, अर्जदाराने तुळशीच्या नवऱ्याला, चांगोला, ढीग काढायच्या अर्जाचं सांगितलं आणि तुळशी भाकरी थापता थापता ऐकत होती. तिने हात थांबवला नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तो ढीग नाय काढायचा. लागल तर मी डबे डोक्यावर नेन."

ऑर्डर गेली तर तिची चूलही बंद, हे तिला ठाऊक आहे. तरी म्हणाली. आपल्या अख्ख्या कार्यालयात मिळून एवढ्या वजनाचं वाक्य कुणी लिहिलं असेल तर अर्जदाराला दाखवावं, तो वाकून नमस्कार करेल.

७. तर आता मागणं. ढीग काढू नये. तो साठ फूट अलीकडे, सपाट रस्त्यावर, वळणाच्या आधी घ्यावा आणि चार इंचाचा करावा. डंपर तिथेही थांबेल, उलट लवकर थांबेल. आणि अर्जदाराच्या गाडीला साठ फूट धाव मिळेल, तेवढ्यात मोठा टर्बो जागा होतो. महिपतीने मोकळ्या रस्त्यावर बघून खात्री केलीय. हरेशभाई दोन्ही टर्बो सोमवार दि. १७ पर्यंत ठेवणार आहेत, पुढे नाही. गाडीतला त्याच्या पलीकडे टिकणार नाही.

आपण काही कराल अशी अर्जदाराची अपेक्षा नाही, त्यामुळे काळजी नसावी. रविवार दि. १६ ला सकाळी सात वाजता चांगो, महिपती, अर्जदार आणि वाडीतली माणसं पहारी घेऊन तो ढीग खणणार आहेत आणि साठ फूट अलीकडे नेऊन घालणार आहेत. डांबराची सोय झालीय. नाश्ता अंजनीकडे आहे. जी वस्तू सरकारच्या दप्तरात नाही ती उचलली तर ती सरकारची उचलली असं होत नाही, याबद्दल आपलंच सही-शिक्क्याचं पत्र सोबत जोडलंय.

आपल्याला थांबवायचं असेल तर जरूर थांबवावं. मात्र थांबवण्याच्या पत्रात तिथे गतिरोधक आहे असं लिहावं लागेल. तसं पत्र शनिवार संध्याकाळपर्यंत आलं तर अर्जदार पहार ठेवून देईल, मुकाट्याने लहान टर्बो बसवेल, आणि तेच पत्र घेऊन सोमवारी अकरा इंचांचा जाब विचारायला आपल्या दारात उभा राहील. नाही आलं, तर मोठा.

पत्र घ्यायला अर्जदार घरीच आहे, साडेअकरा ते दोन सोडून.

आपला नम्र (हा शब्द या अर्जापुरता),

हिं. द. शेलार
खरवई, दि. ६ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. "गतिरोधक नाही" हे आपलं पत्र, प्रत.
२. गतिरोधक मागणारा चार वर्षांपूर्वीचा अर्ज, एक्केचाळीस सह्या, आपला पोचशिक्का.
३. नसलेल्या गतिरोधकाचे टेप लावून काढलेले फोटो, दोन. एकात चांगोचा पाय आलाय, तो उंचवटा समजू नये.