पूल किती झाला

शनिवार, २८ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. लेकीची तब्येत सुधारतेय हे वाचून जीव भांड्यात पडला. बाळाने तुझ्या गालावर ओरखडा काढला, ते वाक्य भावोजींनी मला पुन्हा वाचायला लावलं. आजी झालीस म्हणून माझ्यावरची दादागिरी कमी करशील, या भ्रमात मी नाही. इकडे सगळं ठीक. कुंड्यांना पाणी घालतेय. भावोजी स्वतः भाजी करतात आणि खाली लागली की "खरपूस झालीय" म्हणून वाढतात.

ऑफिसात वर्षअखेरीची गडबड, म्हणून पत्राला उशीर झाला. खरं तर उशीर त्यामुळे नाही.

भावोजींच्या कंपनीने घेतलेल्या पुलाचं सांगते. काम तीन वर्षांचं, म्हणून दर वर्षी जितकं काम झालं तितकाच नफा मला कंपनीच्या हिशेबात धरावा लागतो. काम किती झालं हे आम्ही खर्चावरून काढतो, एकूण लागणाऱ्या खर्चातला किती झाला ते बघून. यंदा नदीत खडक फार खोल लागला. पाया खणण्यातच पैसा गेला. भावोजी म्हणाले, "एकूण खर्चाचा अंदाज जुनाच ठेव." तसं केलं की गंमत बघ, जास्त पैसे गेले म्हणून पूलच जास्त झालेला दिसतो, आणि वर नफाही. मी नवा अंदाज मांडला, तर पूल निम्माही होत नव्हता आणि शेवटी तोटाच येत होता. असा तोटा दिसला की सगळाच्या सगळा याच वर्षी दाखवावा लागतो. पुढे ढकलता येत नाही.

"अंदाजच आहे ना? मग जरा हात आखडता घे."

"भावोजी, आपण खोल गेलोय, पुढे नाही."

ते डबा न उघडताच उठून गेले. मग कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले. बाबा गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं ना गं.

सोमवारी ते काखेत नकाशे घेऊन आले. एकेका खांबाचा उरलेला खर्च त्यांनी स्वतः नव्याने काढला होता. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा मोठा निघाला. "तू मला सांभाळून घेत होतीस होय?" म्हणाले आणि हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. हिशेबात तोटा गेला.

तो बघून बँकेने वाढीव कर्ज नाकारलं. पण पूल अर्धा सोडायचा नाही, हे त्यांचं पक्कं. पलीकडची माणसं अजून दवाखान्यालाही होडीने येतात. म्हणून ते प्लॉट विकायचं म्हणताहेत. हो, तोच. जिथे तू दोरी लावून स्वयंपाकघर आखलं होतंस. त्यावर तुझंही नाव आहे, तुझी सही लागेल. ते रोज तुला फोन लावतात, बाळाचं विचारतात आणि ठेवून देतात. काल मला म्हणाले, "तूच लिही. माझ्याच्याने होत नाही. पण तिला गळ घालू नकोस."

मी घालत नाही. तू नाही म्हणालीस, तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. यंत्रं विकता येतील, पुढे भाड्याने घेताना महाग पडेल इतकंच. सावकाश ठरव. फक्त हे पत्र मिळालं की फोन तू कर, आणि बाळाचं सांगून झालं तरी ठेवू नकोस. त्यांना बोलू दे.

तुझी, आणि या पत्रापुरती त्यांचीही,
धाकटी