जिन्याला स्थगिती

पलूस, रविवार

तीर्थस्वरूप भाऊसोदादा यांस, धाकटा चुलतभाऊ आप्पासो याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (आठ वर्षांनी लिहितोय, म्हणून नातं सांगून ठेवलेलं बरं.) मेढ्यात थंडी कशी आहे? वहिनींचा खोकला कमी झाला का? इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमच्या काकांची, आबांची तब्येत तर झकास आहे, फक्त गेले नऊ दिवस ते वरच्या मजल्यावर आहेत आणि त्यांना खाली येता येत नाही.

झालं असं. आपल्या दारापुढचा रस्ता चौपदरी होणार हे तुम्ही ऐकलं असेलच. माझी तक्रार नाही, उसाच्या ट्रॉल्या समोरासमोर आल्या की आम्हीही तास तास अडकतो. पण मोजणी होऊन हद्द ठरेपर्यंत रस्त्याकडेच्या पट्ट्यात कुणी एक वीटही चढवायची नाही, असा हुकूम निघाला. तात्पुरती स्थगिती. तात्पुरती म्हणजे कधीपर्यंत, असं मी तलाठ्यांना विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले की कायमची नाही एवढं नक्की. हुकूम आला तेव्हा आमची वरची खोली पुरी झाली होती, रंगसुद्धा दिला होता, न्हाणी-संडास तयार होता, आणि रस्त्याच्या बाजूनं चढणाऱ्या जिन्याच्या दोनच पायऱ्या झाल्या होत्या. जिना सगळ्यांत शेवटी करू, हा सल्ला माझा. (हे वाक्य तुमची भावजय हरणाबाई दिवसातून तीनदा ऐकवते, तुम्हाला तिच्याकडून कळण्याआधी मीच लिहितो.) त्या दोन पायऱ्यांवर आता लोक एसटीची वाट बघत बसतात.

खोली आबांसाठी बांधलेली. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढली, खिडकीतून आपलं शेत दिसावं एवढीच त्यांची इच्छा. एके दिवशी सकाळी मी बाजारात गेलो आणि वायरमनची शिडी भिंतीला दिसली तशी ते एक्याऐंशीव्या वर्षी चढून गेले. चढताना गुडघ्यांनी साथ दिली, उतरताना दिली नाही. चौघं मिळून उतरवतो म्हणालो, तर म्हणाले, चौघांच्या खांद्यावरून जायची मला अजून घाई नाही. मग दोरानं बादली सुरू झाली. पहिल्या दिवशी भाकरी-आमटी वर गेली; तिसऱ्या दिवशी वरून तक्रार खाली आली की आमटी पातळ आहे. कॉट आणि गादीही दोरानंच चढवली. येणारे-जाणारे रस्त्यावरून रामराम करतात, आबा खिडकीतून सलाम घेतात. खरं सांगतो दादा, घरात कर्फ्यू असल्यासारखं मलाच वाटायचं, त्यांना नाही.

काल मोजणीवाले आले. त्यांच्याबरोबर अपेक्षा नावाच्या तरुण इंजिनिअर बाई. आबांनी वरूनच त्यांना हाक मारली.

"बाई, रस्ता करा, आमची ना न्हाई. पन मी उतरू कुठनं?"

बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं. घराला वळसा घालून त्यांनी टेप धरली, नकाशा बघितला आणि सांगितलं की मागची भिंत स्थगितीच्या पट्ट्याबाहेर पडते, जिना मागून बांधा, कुणी अडवणार नाही. हरणाबाईनं लगेच गवंड्याचा नंबर शोधायला घेतला. मी तिला थांबवलं. मागच्या भिंतीला लागून कुणाची जागा आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

वाटणीच्या वेळी शेवग्याच्या झाडावरून मी तुम्हाला काय बोललो, ते मला शब्दन् शब्द आठवतं. माझ्या दारात पाऊल टाकू नका, असं म्हणालो होतो. तुम्ही थोरले असून खाली मान घालून गेलात आणि खरंच टाकलं नाहीत. काल संध्याकाळी हे सगळं मी खाली उभा राहून आबांना सांगितलं. ते खिडकीत आले.

"बोलला तू हाईस. मागायचंबी तुलाच हाय."

एवढं बोलून त्यांनी खिडकी लावून घेतली. रात्रीची बादली तशीच परत आली. म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण तुम्ही उचलला असता तर मी काय बोललो असतो?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
आप्पासो

ता. क. साडेतीन फूट जागा लागेल. शेवग्याला धक्का लागणार नाही. चुकलं माझं, हे वर लिहायचं राहिलं, ते इथं लिहितो.

ता. क. (गुरुवार) पत्र टाकायला उशीर झाला, कारण गवंडी नेमका याच आठवड्यात मोकळा होता. जिना झाला आहे. तुम्ही नको म्हणालात तर पाडीन, पण तसं पत्रानं कळवू नका, येऊन सांगा.

ता. क. (रविवार) आबा आज सकाळी माझा हात धरून जिन्यानं खाली आले. आता खालच्या पायरीवर बसून आहेत, घरात यायला तयार नाहीत. म्हणतात, मी भाऊसोच्या जागेत बसलोय, त्यो येऊन उठवंल तवा उठीन. दादा, मेढ्याहून पहिली एसटी किती वाजता सुटते?