वन्संना कळावं की लेथ कुठेही जात नाही

वन्सं, सगळ्यात आधी आले ते मास्तर. काखेत छत्री, आणि दाराबाहेर चपला इतक्या नीट जोडून ठेवल्या की मला वाटलं, आता घंटा होणार. त्यांच्या मागून कानटोपीवाले ड्रायव्हर (कधीकाळचे, आता नुसते बायकोच्या शेजारी बसून तिला रस्ता सांगतात), आणि शेवटी शिलाईवाल्या बाई, ज्यांच्या हाताला आता सुईच काय, चमचासुद्धा धरवत नाही. तिघं रांगेत उभे, आणि दार उघडलं तुमच्या लाडक्या भाच्याने. तिथेच सगळा घोटाळा झाला.

पण बाई, नमस्कार राहिलाच की. वन्सं, तुमच्या पायांवर डोकं ठेवते, ते मनातल्या मनात, कारण खरोखर वाकले तर मला उचलायला दोन माणसं लागतात. तुमचा गुडघा काय म्हणतो? माझा काही ऐकतच नाही. नवी कवळी बसली का, की अजून डबीतच हसतेय? सूनबाई, नात, सगळी मजेत आहेत. मी तर इतकी मजेत आहे की सूनबाईने काल दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

आता मुळापासून सांगते. तुमच्या भावाने रिटायर झाल्यावर लाकूड कातायचं ते लेथ मशीन आणलं होतं, आठवतं ना? चार खुंट्या कातल्या, आणि पुढे सगळा जन्म टोपी मात्र लेथलाच अडकवली. (गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, मी टोपीबद्दल बोलतेय.) ते गेल्यावर डॉक्टरांनी माझी आखडलेली बोटं बघितली आणि म्हणाले, बोटांना काही काम द्या. त्यांच्या मनात रबरी चेंडू होता. मी लेथ चालू केलं. लाकडाच्या तुकड्याला मधोमध भोक पाडायचं, तो गरगर फिरवायचा, पटाशी हळूच टेकवली की लाकूड कसं सुतासारखं सुटतं बघा. पोटात पितळी नळी, नळीत रिफील, झालं पेन. जाडी किती ठेवायची ते पुस्तकात असतं म्हणे, पण तिसरीत शाळा सुटलेली मी, पुस्तक उघडणार कधी? माझ्याच बोटांच्या मापाने घेतली. माझी बोटं पुरती मिटत नाहीत, म्हणून पेनं झाली चांगली अंगाने भरलेली. तुमचा भाचा विचारतो, आई, हे लिहायचं आहे की कुटायचं?

तर या भाच्याला आता मागच्या खोलीत पळायचं यंत्र ठेवायचंय. म्हणजे त्यावर चढून तासभर पळायचं आणि जिथल्या तिथेच उतरायचं. (नोकरीत वीस वर्षं तेच करतोय, घरात कशाला आणखी?) त्याने फर्निचरवाल्याशी परस्पर बोलणं करून ठेवलं, की लेथ विकायचंय, महिनाअखेरच्या मंगळवारी बघायला गिऱ्हाईकं पाठवा. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि विचारलं, मला विचारलंस का? तेव्हा जरा वरमला. मग म्हणाला, "आई, त्या मंगळवारपर्यंत एक तरी परका माणूस स्वतःच्या पायांनी तुझं पेन मागायला दारात आला ना, तर मी लेथचं नाव काढणार नाही." नात साक्षीला होती. मी म्हटलं, कबूल.

मग मी काय काय नाही केलं. आधी गेले वहीपेन्सिलीच्या दुकानात. दुकानदाराने तीन पेनं ठेवून घेतली, मला भरून आलं. आठवड्याने बघते तर दोन पेनं फडताळाच्या पायाखाली, कारण ते डगमगत होतं, आणि तिसऱ्याने तो पाठ खाजवत होता. लिहून बघितलंत का, विचारलं, तर म्हणे आजी, हल्ली लिहितं कोण? मग नातीने मोबाइलवर फोटो टाकला. त्रेपन्न जणांनी अंगठा दिला. मी नुसता अंगठा उठवणाऱ्या बायकांना जन्मभर नावं ठेवली, आणि ही शिकलेली माणसं पेन बघून अंगठा देतात. घ्यायला एक आला नाही. मग हॉलमध्ये प्रदर्शन होतं, तिथे एक टेबल मिळवलं. येणारा प्रत्येक जण पेन उचलायचा, वहीवर स्वतःचं नाव लिहायचा, नावाखाली रेघ ओढायचा, स्वतःवरच खूश व्हायचा आणि पेन ठेवून पुढे. वही भरली, वन्सं. एवढ्या सह्या तर माझ्या लग्नात पण झाल्या नव्हत्या.

मंगळवारच्या आधीचा सोमवार उजाडला. मी बँकेत गेले, आपण अजून जिवंत आहोत असं लिहून द्यायला. (दर वर्षी द्यावं लागतं. मागच्या वर्षीचं जिवंत असणं चालत नाही.) माझ्यापुढे हे मास्तर. खिडकीला ते दोऱ्याने बांधलेलं काडीसारखं पेन, आणि मास्तरांचा हात थरथरतोय. कारकून म्हणाला, ही सही तुमची नाही. तिसऱ्यांदा परत पाठवत होता म्हणे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचं अक्षर वळवलेला माणूस, आणि मागे सगळी रांग ऐकतेय. मास्तर हळूच म्हणाले, "मग मी कोण?"

मला राहवलं नाही. पिशवीतून माझं शिसवी पेन काढून त्यांच्या मुठीत कोंबलं. मूठ भरली, हात टेकला, थरथर कुठल्या कुठे. सही अशी उतरली की कारकुनाने चष्मा वर केला, जुनी सही बघितली, नवी बघितली, आणि शिक्का मारला. मास्तर पेन घेऊन चालू लागले. मी माझा नंबर सोडून मागे. (मी जिवंत असल्याचं अजून बँकेला कळलेलं नाही.) पायऱ्यांवर गाठलं तर म्हणतात, "हे मी परत देणार नाही. आणखी कुठे मिळतील ते सांगा." मी पत्ता सांगितला.

आणि मंगळवारी मास्तर आपल्यासारख्याच हातांच्या दोघांना घेऊन दारात. तुमच्या भाच्याला वाटलं, फर्निचरवाल्याने पाठवलेली गिऱ्हाईकं. थेट मागच्या खोलीत नेलं आणि लेथची अशी तारीफ सुरू केली की मीच ऐकत राहिले. कुरकुर नाही, आईच्या हातात राहिलंय, घरच्यासारखं जपलंय! मास्तरांना वाटलं, केवढा हा मुलाला आईचा अभिमान. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शिलाईवाल्या बाईंनी डब्यातली पेनं एकेक करून धरून बघितली, तिघांना मिळून अकरा घेतली आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. भाचा कानात म्हणतो, विसार दिला वाटतं. मी म्हटलं, दिला. त्याने विचारलं, तिघं मिळून घेताय का? मास्तर म्हणाले, सध्या तिघं, पण आणखी पाच जण आहेत, त्यांना घेऊन येतो. एका लेथला आठ माणसं कशाला, यावर तो जेवण होईपर्यंत विचार करत होता. शेवटी म्हणाला, सहकारी संस्था असेल. आणि फर्निचरवाल्याला फोन करून सांगितलं, आता आणखी कोणाला पाठवू नका, काम झालं.

मी खोटं एक अक्षर बोललेली नाही. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अट त्याची होती, दार त्याने उघडलं. आता लेथ इथून हलायचं तर माझ्यासकट हलेल, आणि मला हलवायला किती माणसं लागतात ते वर लिहिलंच आहे. तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्या, म्हणून कानावर घालते. परवानगी मागत नाही.

तुमची भावजय

ता. क. अक्षराला हसू नका. माझं एकही पेन उरलं नाही, हे पत्र भाच्याच्या खिशातल्या काडीने लिहिलंय.

ता. क. परवानगी मागत नाही म्हटलं, ते खरं आहे. पण आत्यासमोर त्याचा आवाज चढत नाही, हे पण खरं आहे. तेव्हा पुढच्या बुधवारी संध्याकाळच्या गाडीने या, आणि सकाळी मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसा. काही बोलू नका. नुसत्या त्याच्याकडे बघा, तुमच्या भावाकडे बघायचात तशा.

ता. क. आठही जण येणार आहेत गुरुवारी, दहा वाजता.