आईचा डोंगर

बयो,

शाळेतून आलीस की आतल्या खोलीत जायच्या आधी हे वाच. आपल्या खेळण्यातल्या रेल्वेतला आईचा डोंगर माझ्या हातून फुटला.

नवं इंजिन बोगद्यात अडत होतं. काल तू बजावलं होतंस, "बाबा, अडू दे. डोंगराला हात लावलास तर बघ." मी हो म्हणालो होतो. आज तू गेल्यावर वाटलं, बोगद्याचं तोंड कानशीने दोन सूत घासावं, तुला कळणारही नाही. सुतारकीत जन्म गेला माझा, पण प्लॅस्टर म्हणजे लाकूड नव्हे. सगळा एकदम खाली बसला.

शेवटचे आठ दिवस आई दवाखान्यातून घरी आली होती, तेव्हा तिने तो केला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुम्ही दारं-खिडक्या करा, डोंगर आम्हा मायलेकींवर सोडा."

एका तुकड्याच्या आतल्या बाजूला तिच्या बोटांचे ठसे होते. माझी बोटं लावून पाहिली, ती मोठी पडली. तुझी बसली असती. तुझ्यासाठी तो जपून उचलायला गेलो, तर त्याचाही भुगा झाला.

दुसरा करू असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

जेवण झाकून ठेवलंय. मी कामावर जातो, सातला येईन. बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस.

गाडी चालवून पाहिली. आता कुठेच अडत नाही. मी लगेच बंद केली.

बाबा